जर्मनीची ऑफर आलीय, एजंट साडेचार लाख मागतोय: नक्की कोणत्या कलमाखाली जायचं?

सेटर_चिंचोळी

नमस्कार मंडळी. माहिती थोडक्यात देतो, कुठे चुकतंय ते सांगा.

आयटीआय मशिनिस्ट, दोन वर्षांचा ट्रेड, एनसीव्हीटी. पुढे एक वर्ष अप्रेंटिस. त्यानंतर सात वर्षं सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीत व्हीएमसी आणि टर्निंग सेंटर या सीएनसी मशिनवर, सेटिंग आणि प्रोग्रामिंग दोन्ही. वय ३०. जर्मन भाषेची ए१ पातळी झालीय, ए२ चालू आहे.

ऑफर बाडेन-व्युर्टेंबर्गमधल्या साधारण ८० माणसांच्या कंपनीची. ग्रॉस ३,४०० युरो महिना, आठवड्याला ४० तास, प्रोबेशन ६ महिने. करारात एक कलम आहे: दोन वर्षांच्या आत नोकरी सुटली तर ८,००० युरो परत करायचे. मधला एजंट म्हणतो, "ब्लू कार्ड काढून देतो, साडेचार लाख लागतील, दोन आत्ता द्या."

ब्लू कार्ड मिळेल का? खर्च कोणी करायचा असतो? तो बाँड खरंच लागू होतो का? आणि ऑस्ट्रेलियाच्या एका वर्कशॉपशीही बोलणं चालू आहे, तिथलं गणित कुणाला माहीत असेल तर तेही सांगा.

---

कलम_आधी_वाचा

मालक, ब्लू कार्ड विसरा. पगाराचं नंतर बघू, आधी पात्रताच बसत नाही. ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षितांचा नोकरी परवाना, त्याला विद्यापीठाची पदवी किंवा त्या दर्जाचं किमान तीन वर्षांचं उच्च शिक्षण लागतं. पदवीशिवाय अनुभवावर मिळण्याची सोय फक्त आयटीवाल्यांना आहे. आयटीआयवर ब्लू कार्ड देतो म्हणणाऱ्याने एक तर नियम वाचलेला नाही, नाहीतर तुम्ही वाचणार नाही हे त्याने धरलेलं आहे.

पगारातही बसत नाही. २०२६ साठी ब्लू कार्डची मर्यादा वर्षाला ५०,७०० युरो, तुटवड्याच्या व्यवसायांना ४५,९३४.२०. तुमचे ३,४०० गुणिले १२ म्हणजे ४०,८००.

तुमच्यासाठी जर्मन रहिवास कायद्यात खरे रस्ते तीन. "वर्क परमिट" नावाचा एकच कागद तिथे नसतो, कलमाप्रमाणे परवाना मिळतो आणि पुढचं सगळं त्या कलमावर ठरतं.

पहिला, कलम १९सी, उपकलम २. जर्मनीत प्रमाणपत्राची मान्यता घ्यावी लागत नाही. अटी अशा: आपल्या देशात सरकारमान्य असलेलं, किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण, गेल्या पाच वर्षांत त्याच कामाचा किमान दोन वर्षांचा अनुभव, आणि वर्षाला किमान ४५,६३० युरो. म्हणजे महिन्याला ३,८०२.५०. तुम्ही ४०२.५० ने कमी पडता. यात एक फट आहे: कंपनी कामगार संघटनेच्या सामूहिक वेतन कराराने बांधलेली असेल आणि पगार त्या तक्त्याप्रमाणे देत असेल, तर हा आकडा लागू होत नाही. म्हणून कंपनीला पहिला प्रश्न हाच विचारा, "तुम्ही टारिफगेबुंडन आहात का?" बाडेन-व्युर्टेंबर्गच्या धातू उद्योगात आयजी मेटाल या कामगार संघटनेच्या तक्त्यात पूर्ण शिकलेल्या कारागिराचा पाया ईजी ७ हा वर्ग मानतात. करारात कोणता वर्ग लिहिलाय ते बघा. काहीच लिहिलं नसेल तर कंपनी बहुधा त्या कराराबाहेरची.

दुसरा, कलम १८ए. आधी मान्यता, मग व्हिसा. तुमच्या ट्रेडची मान्यता न्युर्नबर्गचं आयएचके फोसा हे कार्यालय देतं. ते तुमचा आयटीआय अभ्यासक्रम त्यांच्या त्सेरश्पानुंग्समेकानिकर या साडेतीन वर्षांच्या प्रशिक्षणाशी ताडून बघतात. दोन वर्षांचा आयटीआय नुसता ठेवला तर तुटपुंजा पडतो. अप्रेंटिसचं एनएसी प्रमाणपत्र आणि सात वर्षांचा अनुभव नीट मांडला तर फरक बराच भरून निघतो. उत्तर तीन प्रकारचं येतं: पूर्ण मान्यता, अंशतः, किंवा नाही. फी १०० ते ६०० युरोच्या दरम्यान. फाईल पूर्ण असेल तर निर्णयाला तीन महिने, आणि घड्याळ फाईल पूर्ण झाल्यावरच सुरू होतं.

तिसरा, कलम १६डी, उपकलम ३, म्हणजे मान्यता-भागीदारी. आधी जा, काम सुरू करा, मान्यता तिथे राहून मिळवा. लागतं काय: जर्मन ए२, दोन वर्षांचं सरकारमान्य प्रशिक्षण, आणि कंपनीशी लेखी करार की पोचल्यावर तुम्ही लगेच मान्यतेचा अर्ज कराल आणि कंपनी त्यासाठी सवड देईल. कंपनी शिकाऊ कामगार घ्यायला पात्र असावी किंवा अशा पूरक प्रशिक्षणाची तिची तयारी असावी. परवाना एक वर्षाचा, वाढवून जास्तीत जास्त तीन. इथे ४५,६३० ची अट नाही, पण त्या भागात त्याच कामाला मिळतो त्यापेक्षा कमी पगार असेल तर रोजगार कार्यालय संमती देत नाही.

आता जे एजंट सांगत नाहीत ते. तीन वर्षांत कायम वास्तव्य मिळतं असं जे म्हणतात, ती तीन वर्षं १८ए, १८बी (पदवीधरांचं कलम), ब्लू कार्ड अशा परवान्यांवरची मोजतात, सोबत बी१ जर्मन आणि ३६ महिन्यांची पेन्शन वर्गणी. १६डी वरचा काळ त्या तीन वर्षांत धरत नाहीत. १९सी वरचाही नाही. तिथे साधा पाच वर्षांचा नियम लागतो. त्यामुळे घाईने १६डी वर गेलात आणि मान्यतेला दीड वर्ष लागलं, तर तुमचं घड्याळ दीड वर्ष उशिरा सुरू झालं. कंपनी सहा महिने थांबायला तयार असेल तर सोलापुरात बसूनच आयएचके फोसाचा अर्ज करा आणि १८ए वर जा. थांबत नसेल तर १६डी, पण डोळे उघडे ठेवून.

---

हजेरी_रजिस्टर

वरच्या उत्तरात कायद्याची बाजू आली. अर्ज अडतात ते आपल्याकडच्या कागदांवर, म्हणून तेवढंच लिहितो.

प्रशिक्षणाचा पुरावा. १९सी आणि १६डी दोन्हीसाठी जर्मनीच्या झेडएबी कार्यालयाकडून "डिजिटल माहिती", डीएबी, हा कागद काढावा लागतो. तुमचं प्रमाणपत्र भारतात सरकारमान्य आहे आणि दोन वर्षांचं आहे, एवढंच तो सांगतो. अर्ज ऑनलाइन. इथे एनसीव्हीटीचं राष्ट्रीय प्रमाणपत्र जोडा, आयटीआयने दिलेली नुसती गुणपत्रिका नाही. पोर्टलवर तुमचं नाव, ट्रेड आणि वर्ष दिसतंय का ते आधी पडताळा. जुन्या बॅचचे तपशील चुकीचे चढलेले असतात आणि दुरुस्ती आयटीआयमार्फतच होते. त्यात सुट्ट्या आल्या की महिना गेला.

अनुभवाचा दाखला. "सदर इसम आमच्याकडे इमानेइतबारे काम करीत होते" या छापाचं पत्र तिथे शून्य किमतीचं. पत्रात हवं ते: रुजू आणि सोडल्याची तारीख, आठवड्याचे तास, पद, कोणत्या मशिनवर (अक्ष किती, कंट्रोलर कोणता), कोणतं मटेरियल, टॉलरन्स किती, ड्रॉइंग वाचून सेटिंग करता की फक्त लोड-अनलोड, प्रोग्राम स्वतः लिहिता की दुरुस्त करता, मोजमापाला मायक्रोमीटर, बोअर गेज, सीएमएम यांपैकी काय वापरता. ऑपरेटर आणि सेटर यातला फरक पत्रात उमटला नाही तर आयएचके फोसा तुम्हाला बटण दाबणारा समजणार. सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा, कंपनीचा ई-मेल. जीमेलचा पत्ता टाळता आला तर बरं.

नावाचा घोळ. आपल्या दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर उलटं. आपल्याकडे तेलुगू घरांत आडनावाचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हेचं असतं, ते वेगळंच. क्रम उलटा असेल तर "ही एकच व्यक्ती" असं नोटरी प्रतिज्ञापत्र बहुतेक वेळा चालतं. स्पेलिंगच वेगळं असेल तर पासपोर्टला प्रमाण धरून बाकीचे कागद दुरुस्त करून घ्या, तेही अर्ज टाकायच्या आधी.

भाषांतर शपथबद्ध अनुवादकाकडूनच. आणि ए२ ची परीक्षा गोएथे, टेल्क, ओएसडी यांपैकी एकाची. क्लासने स्वतःच्या लेटरहेडवर दिलेलं ए२ चं सर्टिफिकेट भिंतीला लावायला ठीक.

---

सेटर_चिंचोळी

धन्यवाद दोघांनाही. एक अडचण आहे. सातपैकी पहिली तीन वर्षं कंपनीतच काम केलं पण पीएफ कंत्राटदाराच्या नावावर कापला गेला. पत्र कंपनीचं घेऊ की कंत्राटदाराचं? आणि सोबत एक मित्र आहे, आयटीआय वेल्डर, नऊ वर्षं अनुभव, टिग-मिग दोन्ही. त्यालाही हाच मार्ग चालेल का?

---

हजेरी_रजिस्टर

दोन्ही घ्या. कंत्राटदाराचं पत्र: अमुक ते अमुक आमच्या पटावर, तैनात अमुक कंपनीत. कंपनीचं पत्र: त्या काळात आमच्या शॉप फ्लोअरवर अमुक काम केलं. दोन्हीत तारखा एकच. सोबत ईपीएफओची सर्व्हिस हिस्ट्री, पगारपत्रकं, बँक स्टेटमेंट. कंपनीने सात वर्षांचं सलग पत्र दिलं आणि पीएफ वेगळं बोलला, तर तपासणारा पत्र खोटं धरतो. आणि एक कागद खोटा धरला की बाकीच्यांकडेही तो त्याच नजरेने बघतो. १९सी ला तर गेल्या पाच वर्षांतली दोनच वर्षं लागतात, म्हणजे तुमची शेवटची चार पुरतात. ताणायची गरजच नाही बे.

मित्राचं वेगळं. वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड. १९सी-२ आणि १६डी-३, दोन्हीत दोन वर्षांची अट आहे, नऊ वर्षांच्या अनुभवाने ती भरून निघत नाही. त्याने आधी आयएचके फोसाकडे मान्यतेचा अर्ज करून अंशतः मान्यता मिळते का ते बघावं. तसं पत्र हातात आलं तर उरलेलं प्रशिक्षण तिथे जाऊन पूर्ण करण्यासाठी १६डीचंच वेगळं उपकलम आहे. सहा महिन्यांचा सीएनसी कोर्स केलेल्यांनाही हीच अडचण.

---

पावती_दाखवा

पैशाचं आणि बाँडचं.

जर्मनीत कंपनीने मनावर घेतलं तर कलम ८१ए खाली जलद प्रक्रिया आहे. अर्ज कंपनी करते, तिच्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयात, तुमचं मुखत्यारपत्र घेऊन. सरकारी फी ४११ युरो. मान्यता कार्यालयाने दोन महिन्यांत उत्तर द्यायचं, रोजगार कार्यालयाने एका आठवड्यात, आणि पूर्वसंमती आली की व्हिसाची भेट तीन आठवड्यांच्या आत. या साखळीत एजंटने करण्यासारखं काही उरत नाही. व्हिसा फी ७५ युरो, अर्ज दूतावासांच्या ऑनलाइन पोर्टलवर, बोटांचे ठसे द्यायला मुंबई. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसने बसा, काम आटपून दुसऱ्या रात्री परत.

म्हणजे डीएबी, आयएचके फोसा, भाषांतरं, भाषेची परीक्षा, व्हिसा एवढं मिळूनही साडेचार लाखांचा हिशेब लागत नाही. त्याच्याकडे बाबवार यादी मागा. ब्लॉक्ड अकाउंटचे, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी आधी अडकवून ठेवायचे पैसे त्यात दाखवले असतील तर तेही चूक: नोकरीच्या पगारावर भागतंय तिथे ते खातं लागत नाही, ते विद्यार्थी आणि नोकरी शोधायला जाणाऱ्यांसाठी.

आपल्याकडचा नियम: नोंदणीकृत रिक्रूटिंग एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेऊ शकतो, म्हणजे ३५,४००, आणि पावती द्यावीच लागते. नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते. नोंदणीची मुदत संपलीय का तेही बघा, आणि नोंदणी मुंबईच्या फर्मची आणि सोलापुरातला माणूस नुसता "सब-एजंट" असेल तर पैसे अजिबात देऊ नका. उरलेले चार लाख "ट्रेनिंग फी" म्हणून वेगळ्या संस्थेच्या नावाने मागायची पद्धत आहे. तीही पावती मागा. दहावी पास असल्याने तुमचा पासपोर्ट ईसीएनआर (इमिग्रेशन क्लिअरन्स न लागणारा) असणार, आणि जर्मनी मुळात ईसीआरच्या, म्हणजे क्लिअरन्स लागणाऱ्या १८ देशांत नाही, त्यामुळे "इमिग्रेशन क्लिअरन्सचे" म्हणून कुणी वेगळे पैसे मागितले तर उठून या.

बाँड. जर्मन न्यायालयं अशी परतफेडीची कलमं छापील अटी म्हणून तपासतात, दिवाणी संहितेच्या कलम ३०७ खाली. नोकरी का सुटली हे न बघता सरसकट पैसे मागणारं कलम टिकत नाही. तुमच्या मसुद्यात "सुटली तर" असं असेल, म्हणजे कंपनीने काढलं तरी तुम्हीच द्यायचे, तर ते तिथेच लंगडं आहे. शिवाय रक्कम कंपनीच्या प्रत्यक्ष खर्चापुरती हवी आणि महिन्यागणिक कमी होत गेली पाहिजे. पण "कोर्टात टिकत नाही" म्हणून सही करून मोकळं होऊ नका. प्रोबेशनमध्ये दोन्ही बाजूंनी दोन आठवड्यांची नोटीस चालते, आणि नव्या देशात कोर्टात जायला उमेद आणि पैसा लागतो. कंपनीला सांगा: कशाचे ८,००० ते लिहा, दर महिन्याला चोविसावा हिस्सा कमी करा, कंपनीने काढल्यास लागू नाही असं वाक्य घाला. चांगली कंपनी हे करते.

हातात किती पडतील तेही आत्ताच बघा. एकट्या माणसाला, पहिल्या कर वर्गात, ३,४०० ग्रॉसचे साधारण २,२०० ते २,३०० होतात. भाडं त्यातून.

---

अक्कलकोट_रोड

एवढं कशाला डोकं लावता अण्णा. काही का कलम असेना, एकदा तिकडे पोचा, मग सहा महिन्यांत चांगली कंपनी बघून उडी मारायची. सगळे तेच करतात.

---

कलम_आधी_वाचा

हे वाचून कुणी तसं करेल म्हणून उत्तर देतोय. १६डी-३ चा परवाना त्या कंपनीबरोबरच्या भागीदारी करारावर उभा असतो. कंपनी सोडली की पायाच गेला. नव्या कंपनीने तसाच करार करून कार्यालयाने परवानगी द्यावी लागते, तोवर कामाला हात लावता येत नाही. १८ए वर मोकळीक जास्त, तरी पहिली दोन वर्षं कंपनी बदलताना रोजगार कार्यालयाची संमती लागते.

नोकरी संपली तर ते तुम्ही दोन आठवड्यांच्या आत परदेशी नागरिक कार्यालयाला कळवायचं असतं, कंपनीने चार आठवड्यांत. न कळवता दुसरीकडे रुजू होणं हे बेकायदा काम ठरतं आणि पुढच्या प्रत्येक अर्जात आडवं येतं.

---

टर्नर_ते_पर्थ

ऑस्ट्रेलियाचं सांगतो. नियोक्त्यामार्फत जायचा व्हिसा म्हणजे सबक्लास ४८२, डिसेंबर २०२४ पासून त्याचं नाव स्किल्स इन डिमांड. टप्पे तीन आणि क्रम बदलत नाही: कंपनी स्पॉन्सर म्हणून मान्य होते, मग ती तुमच्या जागेचं नॉमिनेशन करते, मग तुम्ही व्हिसा मागता. पहिले दोन झाल्याशिवाय तिसऱ्याला अर्थ नाही. म्हणून वर्कशॉपला विचारा, "तुमची स्टँडर्ड बिझनेस स्पॉन्सरशिप मंजूर आहे का, कधीपर्यंत?" ती पाच वर्षांची असते. "करून घेऊ" असं उत्तर आलं तर ऑफर अजून कच्ची आहे.

तुमचा व्यवसाय तिथे मेटल मशिनिस्ट (फर्स्ट क्लास), कोड ३२३२१४. कोड चुकला की सगळं चुकतं. पत्रात काम ऑपरेटरचं आणि नॉमिनेशन फर्स्ट क्लासचं, हे नकाराचं नेहमीचं कारण. अनुभव एक वर्षाचा पुरतो, पूर्वी दोन लागत. ट्रेडच्या कौशल्य तपासणीचं काम टीआरए ही तिथली संस्था बघते, तिथेही वर सांगितलेलं तपशीलवार पत्रच कामाला येतं.

पगाराची किमान रेषा १ जुलै २०२५ पासून ७६,५१५ ऑस्ट्रेलियन डॉलर, आणि ती दर जुलैला सरकते. आठवड्याला ३८ तास धरले तर ताशी ३८.७२. यात सुपर म्हणजे त्यांचा पीएफ धरायचा नाही, हमी नसलेला ओव्हरटाइमही नाही. छोटी वर्कशॉपं ३४-३५ चा दर लावून ओव्हरटाइमने आकडा गाठून दाखवतात. ते नॉमिनेशन पडतं. पडण्याचं दुसरं कारण जाहिरात: आधी स्थानिक माणूस शोधल्याचा पुरावा म्हणून किमान दोन जाहिराती, २८ दिवस चालू ठेवलेल्या, दाखवाव्या लागतात. २८ च्या जागी २५ झाले तरी फी बुडते, पुन्हा पहिल्यापासून.

खर्च: प्रशिक्षण निधीची लेव्ही कंपनीनेच भरायची, १ कोटी डॉलरखालच्या उलाढालीला वर्षाला १,२००, त्यावर १,८००. ती, स्पॉन्सरशिपची फी, नॉमिनेशनची फी, यातलं काहीही तुमच्याकडून घेणं किंवा पगारातून कापणं बेकायदा. व्हिसाची फी, मेडिकल, पासपोर्ट कार्यालयाचं पीसीसी (पोलीस पडताळणीचा दाखला) तुमचं. आणि स्पॉन्सरशिपच्या बदल्यात पैसे दिले तर देणाराही दोषी धरला जातो, व्हिसा रद्द होऊ शकतो. इथे फक्त घेणाऱ्यावर केस होते असं समजू नका.

नोकरी सुटली तर नवा स्पॉन्सर शोधायला एका वेळी १८० दिवस, पूर्ण व्हिसा काळात मिळून ३६५. या बाबतीत जर्मनीपेक्षा हे सैल आहे. दोन वर्षं मान्य स्पॉन्सरकडे काम झालं की त्या स्पॉन्सरने नॉमिनेशन केल्यास सबक्लास १८६ या व्हिसावर कायम वास्तव्य, वय ४५ च्या आत हवं. तीस वयाला माझं मत ऑस्ट्रेलियाकडे झुकतं, पण स्पॉन्सरशिप मंजूर असलेली कंपनी हातात असेल तरच.

---

पावती_दाखवा

ब्रिटनचं कुणी सुचवायच्या आत: जुलै २०२५ पासून तिथे स्किल्ड वर्करला पदवीच्या पातळीचं काम लागतं. त्याखालच्या कामांना तात्पुरत्या यादीपुरती वाट आहे, नव्याने जाणाऱ्याला तिच्यावर कुटुंब नेता येत नाही. केअर वर्करची बाहेरून भरती त्याच दिवशी बंद झाली, तरी नवी पेठेत अजून बोर्ड दिसतात. अमेरिकेत कुशल कामगाराला ईबी-३ हा ग्रीन कार्डचा वर्ग आहे, पण भारतीयांची रांग २०२६ च्या सुरुवातीला २०१३ च्या तारखांवर होती.

---

सेटर_चिंचोळी

कळलं. एजंटला दोन लाख देत नाही. जर्मन कंपनीला आज मेल करतो. काय काय विचारू?

---

कलम_आधी_वाचा

पाच ओळी पुरेत. कोणत्या कलमाखाली अर्ज करणार: १८ए, १६डी-३ की १९सी-२? तुम्ही टारिफगेबुंडन आहात का, असाल तर माझा वर्ग कोणता? नसाल तर ३,८०२.५० पर्यंत येता का? ८१ए ची जलद प्रक्रिया तुम्ही सुरू कराल का, ४११ युरो कोण भरणार? परतफेडीच्या कलमात ८,००० कशाचे?

सोबत "एर्क्लेरुंग त्सुम बेशेफ्टिगुंग्सफेरहेल्टनिस" हा नोकरीचा तपशील देणारा फॉर्म भरून मागवा. तो कंपनी भरते, आणि त्यातला पगार, तास, पद करारातल्याशी आकड्यानिशी जुळलं पाहिजे. करारात ४० तास आणि फॉर्ममध्ये ३८ असलं की फाईल परत येते. मेल थेट कंपनीच्या पत्त्यावर पाठवा, एजंटला सीसीमध्ये ठेवू नका. तो पत्ता आणि कंपनीचा नोंदणी क्रमांक हांडेल्सरेगिस्टर या जर्मन सरकारी नोंदवहीत आणि वेबसाइटच्या इम्प्रेसुममध्ये (कंपनीच्या अधिकृत तपशिलाच्या पानावर) एकच दिसतोय का, ते मेल करायच्या आधी बघा.